रडू द्या त्याला

नारायणगावच्या स्टँडवरून एसटी सुटली तेव्हा मी उद्याच्या तासाची तयारी करत होते. मी कॉलेजात इंग्रजी कविता शिकवते. बाळाच्या जन्मावरच्या दोन जुन्या कविता शिकवायच्या होत्या. एकीत बाळ आलं म्हणून घर आनंदून जातं, दुसरीत त्याच्या रडण्यानं आईबाप हवालदिल होतात.

शेजारी एक तरुण बाप बसला होता. त्याची बायको खिडकीला टेकून झोपली होती आणि त्याच्या मांडीवरचं तान्हं बाळ टाहो फोडत होतं. तो नुसताच टोपडं सारखं करत त्याच्याकडे बघत होता.

"गप करा की राव त्याला!" मागून कुणीतरी वैतागलं.

"रडू द्या भाऊ," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, जन्मलं तवा रडलंच न्हाई. काचेच्या पेटीत ठेवलं व्हतं. लई भ्यालो आमी. आज घरी चाललंय."

दोन्ही कविता एकाच बाळाबद्दल बोलत असाव्यात, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

कळंब जवळ आलं तसं बाळ दमून झोपलं. बापाचा चेहरा उतरला. त्यानं हलकेच बाळाच्या नाकापाशी बोट धरलं, तसंच ठेवलं आणि मग हसून मला म्हणाला, "चालू हाय."