कळलं नाही म्हणणारे मामंजी

भरल्या सभेत, सगळी पागोटी एकसारखी डोलत असताना, मधेच हात वर करून "मला कळलं नाही" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे सासरे, आमचे मामंजी. शनिवार पेठेतल्या आमच्या ओसरीवर शास्त्र्यांची बैठक बसे आणि मी दाराआडून ऐकत असे. कुणी मोठा शास्त्री तासभर बोले, बाकीचे "वा, वा" करत, आणि मग मामंजींचा शांत आवाज येई, "कळलं नाही. पुन्हा सांगता?" पुन्हा सांगितलं की, "अजून नाही कळलं." आपल्या पुण्यात माणूस एक वेळ पागोटं विसरून बाहेर पडेल, पण समजलं नाही असं कबूल करणार नाही. त्यामुळे मामंजींना अख्खी पेठ 'नकळे जोशी' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. "खोटं काय आहे त्यात?" एवढंच ते म्हणायचे.

एकदा एका शास्त्रीबुवांनी त्यांना टोमणा मारला, "जोशीबुवा, इतकी वर्षं शिकलात, तरी आपल्याला कळत नाही?" मामंजी म्हणाले, "शिकलो म्हणून तर कळत नाही एवढं तरी कळतं. आपण सांगा पुढे." शास्त्रीबुवांना तेवढ्यात घरी काम निघालं.

मामंजी व्यवसायानं जोशी. पंचांग, पत्रिका, लग्नाचे मुहूर्त. पण त्यांचा जीव रमायचा तो वस्तू अशा का वागतात यात. मडक्यातलं पाणी गार का होतं, घंटेला हात लावला की आवाज का थांबतो, चुलीवरच्या भांड्याचं झाकण कोण उडवतं. असा प्रश्न मनात आला की ते समजावून सांगणारा माणूस शोधत फिरायचे. कुंभार, गवंडी, तोफखान्यातला गोलंदाज, वेदान्ती, कोणीही चालायचा. अट एकच होती, की सांगणं स्वच्छ हवं.

आणि स्वच्छ म्हणजे काय, याची परीक्षा आमच्या सासूबाई घेत. मामंजी बाहेरून काही ऐकून आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांना सांगत. सासूबाई भाजी चिरत ऐकत. त्यांची विळी थांबली आणि त्यांनी "म्हणजे?" असं विचारलं, की मामंजी उठलेच. "नाही, मलाच नीट कळलेलं नाही," असं पुटपुटत पायात जोडे सरकवून पुन्हा त्या माणसाच्या दारात. सासूबाई आम्हाला म्हणत, "मी आपलं भेंडीत कीड निघाली म्हणून थांबले होते!"

एका उत्सवाला आम्ही सगळे पर्वतीवर गेलो होतो. खाली गावात तोफेची सलामी झाली. आधी पांढरा धूर दिसला आणि आवाज जरा मागून आला. आम्ही प्रसादाच्या घाईत. मामंजी मात्र पायरीवरच उभे राहिले. "आवाज कुठे अडला?" देवळातल्या एका पंडितांनी लगेच शब्द आणि आकाश यांच्यावरचे श्लोक म्हणून दाखवले. मामंजींनी नमस्कार केला आणि म्हणाले, "श्लोक मलाही येतात. आवाज कुठे अडला ते सांगा." पंडित रागावले ते रागावलेच. पुढचे कितीतरी दिवस मामंजी नदीच्या काठावर जाऊन पलीकडच्या परटाला बघत बसायचे. त्याचं कापड दगडावर आपटलेलं आधी दिसे, धप्प आवाज मागून येई. मामंजी नदीतून त्याच्याकडे चालत गेले, तसं अंतर कमी झालं आणि दोन्ही जवळजवळ बरोबर येऊ लागलं. धोतर कमरेपर्यंत भिजवून घरी आले आणि उंबऱ्यावरून म्हणाले, "अगं, आवाज चालत येतो. लांबून निघाला की उशीर होतो." सासूबाईंची विळी चालूच राहिली. मामंजींना त्या दिवशी कुणी शालजोडी दिली असती तरी इतका आनंद झाला नसता.

हे सगळं गमतीचं होतं, यमूच्या लग्नापर्यंत.

यमू ही आमच्या आळीतली मुलगी, शेजारच्या घरातली, माझ्या मांडीवर खेळून मोठी झालेली. कसबा पेठेतल्या एका चांगल्या घरात तिचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातला सकाळचा मुहूर्त होता आणि तो मामंजींनीच काढलेला. घटका मोजायची त्यांनीच. आता वाचणाऱ्यांना कदाचित सांगायला हवं, की पाण्याच्या घंगाळात तळाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडतात. भोकातून पाणी चढत जाऊन ती बुडाली की एक घटका झाली. सूर्योदयाला पहिली सोडायची आणि मुहूर्ताची घटका येईपर्यंत बुडवत राहायचं. मामंजींची वाटी गावात नावाजलेली. वैशाखात, सूर्य बघून, त्यांनी स्वतः ती घटकेला बरोबर लावून घेतली होती.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. अंगणात रात्रभर ठेवलेल्या घंगाळातल्या पाण्यात बोट घालवत नव्हतं. घटका भरली, मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. तेवढ्यात नवऱ्यामुलाचे काका बाहेरून आले. त्यांनी हौस म्हणून परसात खुंटी रोवली होती आणि तिची सावली मोजत बसले होते. ते म्हणाले, "मुहूर्त केव्हाच टळून गेला." मामंजींनी जाऊन सावली पाहिली. काकांचं बरोबर होतं.

वाटी बिघडली असेल अशी शंका कुणी घेतली नाही, इतकं त्या वाटीचं नाव; आजवर ती सावलीशी ताडून पाहण्याची कुणाला गरजच वाटली नव्हती. दोष गेला यमूवर. तिची सासू सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हिच्या वेळेला घटकासुद्धा बुडेना. काय पायगुणाची मुलगी केली आम्ही!" वरात गेली ती नवरीला न घेता. संक्रांत आली, गेली. कसब्यातून बोलावणं नाही. यमू आमच्या चौकात येऊन बसायची आणि मला विचारायची, "वहिनी, मी काय केलं?" मी तिची वेणी घालायची.

मामंजींचे एक स्नेही त्यांना म्हणाले, "आपण गप्प बसावं. आपल्याकडे कुणी बोट दाखवलेलं नाही."

"यमूकडे दाखवलंय ना," मामंजी म्हणाले.

"तिच्या पत्रिकेत काहीतरी असेलच. शोधलं की सापडतं."

"ते मला ठाऊक आहे. मीही जोशीच आहे." मामंजींचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "वाटी माझी, पाणी मी भरलं. ती का अडली ते मला कळलेलं नाही. मला कळलं नाही त्याचा दंड त्या पोरीनं का भरायचा?"

मग त्यांचं फिरणं सुरू झालं. तांबट आळीत जाऊन वाटीचं भोक तपासून घेतलं, तांबट म्हणाला, "भोक हाय तसंच हाय, काका. कचरा न्हाई, काय न्हाई." शास्त्र्यांना विचारलं, त्यांनी ग्रह सांगितले. मामंजी म्हणाले, "कळलं नाही. ग्रह वाटीला धरून ठेवतात की पाण्याला?" घरी ते वाटी सोडून बसत. सकाळी ती उशिरा बुडे, उन्हं वर आल्यावर जरा लवकर. रोज तेच. ते पाहत, आणि कळत काहीच नसे. त्यांचं जेवण कमी झालं. सासूबाई विळीवर बसल्या की मामंजी उंबऱ्यावर येईनात, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

एका सकाळी मी पानं वाढत होते. नवी काकवी आली होती. मी गडू कलता केला, तर काकवी खाली येईना. गोठून तोंडाशी लोंबत राहिली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गारठलीय ती. चुलीजवळ ठेव जरा." मी ठेवली, थोड्या वेळानं वाढायला आणली, तर भसकन इतकी आली की पानातून वाहत मामंजींच्या सोवळ्यापर्यंत गेली. मी घाबरले. ते मात्र वाहणाऱ्या काकवीकडे बघत बसले होते. हातातला घास हातातच.

जेवताना न बोलणारे मामंजी बोलले. "सूनबाई, तीच काकवी ना?"

"हो, तीच."

"पाणी घातलं नाहीस?"

"नाही हो. फक्त ऊब लागली."

ते अर्धवट जेवणावरून उठायला लागले. सासूबाई ओरडल्या, "पान टाकून उठायचं नाही!" मग बसले, आणि उरलेलं जेवण असं गिळलं की बघवत नव्हतं. हात धुतल्याबरोबर त्यांनी हौदाचं पाणी दोन घंगाळांत भरायला लावलं, एकात चुलीवरचं आधण ओतून कोमट केलं. दोन वाट्या एकदम सोडल्या. कोमट पाण्यातली आधी बुडाली. वाट्या बदलल्या. पुन्हा कोमटातलीच आधी बुडाली. मामंजी उंबऱ्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, गार पाणी काकवीसारखं जडावतं. आपल्या डोळ्यांना दिसत नाही इतकंच. बारीक भोकातून चढायला त्याला उशीर लागतो." सासूबाईंची विळी थांबली नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले, कांदा तर त्या दिवशी नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मामंजी यमूच्या सासरी गेले. सासूबाई आणि मी बरोबर होतो, यमूची बाजू घ्यायला बायकाही हव्यात म्हणून. त्यांच्याच घरची घंगाळं, त्यांच्याच हौदाचं पाणी, त्यांच्याच चुलीवरचं आधण. यमूचे सासरे ओसरीवर, सासू दाराआड. गार पाण्यातली वाटी तरंगत राहिली, कोमटातली बुडाली.

"तुमची वाटीच तशी असेल," सासरे म्हणाले.

"आपल्या हातानं बदला," मामंजी म्हणाले. सासऱ्यांनी वाट्या बदलल्या. तेच झालं.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "म्हणजे?"

मामंजींचा चेहरा असा उजळला, की शत्रूच्या घरात बसलोय हे ते विसरलेच. "वहिनी, फार चांगलं विचारलंत. आपण काकवी वाढता ना?" आणि त्यांनी काकवीपासून सगळं सांगितलं. एक कठीण शब्द नाही, एक श्लोक नाही. यमूची सासू बाहेर आली, दोन्ही घंगाळांत एकेक हात घातला.

"म्हणजे पोरीचा काही दोष नाही?" ती म्हणाली.

"पाणी गार होतं. पोर काय करणार?"

सासरे म्हणाले, "पण मुहूर्त तर टळलाच. तो मग कुणी चुकवला?"

"मी. वैशाखात लावलेली वाटी मार्गशीर्षात सोडली. दोषाची शांत करायची असेल तर माझ्या नावानं करा. तिच्या नावानं नको."

आणि खरोखरच तशी शांत झाली. पुण्याच्या एका नावाजलेल्या जोशानं दहा माणसांत बसून आपल्या चुकीचा संकल्प स्वतःच्या तोंडानं सोडला. गावाला आठवडाभर हसायला झालं. "जोशीबुवा, आमच्या आंघोळीचं पाणी तापवायला कधी येता?" असं बोळाबोळांतून विचारत. मोठ्या घरांतली बोलावणी बंद झाली. मामंजींना त्याचं काही वाटलं नाही असं मी म्हणणार नाही; वाटलं. पण यमू डोक्यावरून शेला घेऊन सासरच्या माणसांबरोबर आमच्या आळीतून गेली, तेव्हा दारात उभं राहून ते जे हसले, ते मी पाहिलं आहे. त्या घरची सून असल्याचा मला तेव्हा वाटलेला अभिमान आजही तसाच आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पुढच्या थंडीत गावातले जोशी लग्नाला निघताना गुपचूप आधणाची मागणी करू लागले. एकानं तर मामंजींनाच समजावलं, "हिवाळ्यात घंगाळ कोमट ठेवावं, असा आमच्याकडे जुना परिपाठ आहे."

"हो का?" मामंजी म्हणाले. "बराच जुना दिसतोय. गेल्या मार्गशीर्षापासूनचा."

मला अक्षर त्यांनीच शिकवलं, सासूबाईंची "पोरीचे हात चुलीला हवेत" ही कुरकुर ऐकत. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसून पाणी पाजत होते. कोमट पाणी. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, ऊब लागली की पाणी पातळ होतं, हे कळलं. पण का होतं?" मी म्हटलं, "मामंजी, आता विश्रांती घ्या." ते म्हणाले, "कळलं नाही." रागानं नाही, तक्रारीनंही नाही; ओसरीवरच्या बैठकीत म्हणत, तसंच. दोन दिवसांनी ते गेले.

परवा यमूच्या लेकीचं लग्न झालं. मार्गशीर्षातच, सकाळचाच मुहूर्त. जोशी वाटी सोडायला निघाला, तेव्हा यमूची म्हातारी सासू काठी टेकत पुढे आली. तिनं त्याला थांबवलं, बांगड्या वर सारल्या आणि घंगाळात मनगटापर्यंत हात घालून पाणी पाहिलं. "आणखी एक तांब्या घाला," ती म्हणाली. घातला. पुन्हा हात घातला आणि मान हलवली. त्या घरात आता हा रिवाजच झाला आहे. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं हात घातल्याशिवाय वाटी सोडायची नाही. पायगुण काढणारी तीच ही बाई, हे नव्या मुलींना सांगूनही खरं वाटत नाही.

नवरी माझ्याशेजारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "आजी, हे कशासाठी?"

मी तिला काकवीपासून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, आणि मुंडावळ्या बाजूला करून म्हणाली, "पण ऊब लागली की पाणी पातळ का होतं?"

मांडवात दहा शास्त्री बसले होते. मी त्यांच्यादेखत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "ते मला कळलेलं नाही."