तर्कशास्त्राला दहावं नाव मिळालं!

मंडळी, आज आम्ही जिंकलो!

आमच्या शिरूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या बी.ए.चे विषय निवडायचा आज शेवटचा दिवस होता. दहा नावं आली तरच तर्कशास्त्र शिकवणार, आन् आम्ही होतो नऊच.

वर्गातले दत्तूमामा तेवढे उरले होते. माझ्याच कंपनीत फिटर आहेत, पन्नाशीत बी.ए. करतायत. म्हणाले, "न्हाई गं, डोक्यावरनं जातंय ते."

मी विचारलं, "मामा, मशीन बंद पडल्यावर काय करता?"

"एकेक कारण तपासायचं. जे न्हाई ते सोडायचं, उरंल ते धरायचं."

"मग हेच तर तर्कशास्त्र हाय!"

मामांनी पेन मागितला. सही करताना सरांना म्हणाले, "वीस वर्सं प्रॅक्टिकल झालंय. आता निस्ती थिअरी शिकवा."

तुम्ही कोणता विषय असा न शिकताच पास झालाय?