भाऊंच्या हातून पडलेली हार्डडिस्क

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो—पण आधी प्रल्हादभाऊंबद्दल बोलू द्या, त्यांच्याशिवाय हे सांगताच यायचं नाही.

तुमसरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करून मी आज घर चालवतो, ते या माणसाच्या कृपेनं. मला माउससुद्धा धड धरता येत नव्हता. त्यांनी आपल्या दुकानात शेजारी बसवून शिकवलं, वर रोज स्वतःच्या डब्यातलं अर्धं वाढलं. त्यांचा हट्ट एकच. एका लग्नाचं एकच फोल्डर—शूटिंग, गाणी, फोटो, प्रोजेक्टची फाइल, सगळं त्यातच. आणि ते फोल्डर दोन हार्डडिस्कवर. एक दुकानात, एक त्यांच्या घरी, तांदळाच्या कोठीत. मी हसायचो. माझं शूटिंग एका डिस्कवर, प्रोजेक्ट दुसरीवर, गाणी कुठेतरी डेस्कटॉपवर. म्हाताऱ्याचं खूळ म्हणायचो—मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं.

बपेऱ्याच्या एका मुलीचं लग्न होतं. पुढे धानाची रोवणी आली, घरचे म्हणाले, सावकाश द्या. मीही अर्धवट एडिट बाजूला सारलं. तुळशीच्या लग्नानंतर नवी कामं आली, डिस्कवर जागा नाही. भाऊ म्हणाले, बपेऱ्याचं आधी दुसरीवर घे, मग जागा कर. मी काय केलं? प्रोजेक्टची फाइल तेवढी घेतली. इवलीशी फाइल, क्षणात गेली. नाव दिसलं, वहीत बरोबरची खूण केली आणि शूटिंग डिलीट केलं. त्या फाइलीत कुठलं दृश्य कुठे लावायचं एवढंच असतं, दृश्य नसतं. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. उघडून बघायचा कंटाळा केला.

पुढच्याच महिन्यात मुलीचे वडील वारले. ती दुकानात आली. बाबांचं चालतं-बोलतं तेवढंच आहे, म्हणाली. मी प्रोजेक्ट उघडला. पडदाभर 'फाइल सापडत नाही'ची लाल पाटी, एक दृश्य नाही. शूटिंगच्या जागेवर तोवर तीन लग्नं भरून झाली होती.

भाऊंचे हात तेव्हा नुकतेच थरथरू लागले होते. आणि मी—त्यांच्यादेखत, तिच्यादेखत—म्हणालो, दुसरी डिस्क पडली होती, त्यात शूटिंग गेलं. भाऊंच्या हातून.

भाऊंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग तिला म्हणाले, "माह्याच हातून पडली असन, बाई. मले आठवत नाही, पण पडलीच असन."

तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? नाही उघडलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ एसटीनं बपेऱ्याला गेले. आठवडाभर घरोघर फिरले, सिहोऱ्याच्या पाहुण्यांकडेही गेले. प्रत्येकाची माफी मागायची आणि मोबाइलमधल्या क्लिपा मागायच्या. मी त्या जोडल्या. अकरा मिनिटं झाली, हलणारी, आवाज फाटलेली. एकीत वडील पंगतीत ओरडत होते, "अरे, इकडं भाजी आलीच नाही!" मुलगी हसली, मग रडली, मग भाऊंच्या पाया पडली. त्या अकरा मिनिटांसाठी मी भाऊंचा जन्मभर ऋणी आहे. माझं पाप त्यांनी पायपीट करून थोडं तरी भरून काढलं, तेही आपलं समजून.

पण त्यानंतर त्यांनी हार्डडिस्कला हात लावला नाही. "तूच धर. माह्या हाताचा भरोसा नाही," म्हणायचे. ज्या हातांनी मला धंदा शिकवला, त्यांचा! वर्षभरात दुकान माझ्या हवाली केलं आणि कोंढ्याला लेकीकडे राहायला गेले. अजून फोन येतो, पोरांची, कामाची चौकशी करतात. मी भाग्यवान माणूस आहे, हे मला कळतं.

डिस्क त्यांच्या हातून पडली नव्हती. कुणाच्याच हातून पडली नव्हती. त्यांना मात्र आजही वाटतं, पडली होती.