झोपले न्हाई, पडलेय

पालीत आमचं घर राजगडाच्या वाटेवर आहे. शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांना आम्ही पिठलं-भाकरी देतो. भाकऱ्या मी थापायचे. तीन वर्षांपूर्वी चुलीपुढं बसल्या बसल्या अंगातला जीवच गेला. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून मल्टिपल स्क्लेरॉसिस असं नाव सांगितलं. नसांवरचं आवरण खराब होतं आणि उष्णतेनं त्रास वाढतो, एवढं मला कळलं.

"दुपारी डुलकी लागते का?" त्यांनी विचारलं.

"लागली तर बरं की," मी म्हणाले. "मी टक्क जागी असते. सगळं ऐकू येतं. फक्त हात उचलायला गेलं की तो माझा नसल्यासारखा वाटतो."

चूल धाकट्या जावेनं घेतली. कांदा चिरणं आणि कुणाला काय हवं ते ध्यानात ठेवणं माझ्याकडं राहिलं. बारा वाजले की मला पडावंच लागे. सासूबाई आतल्या खोलीत पाठवायच्या. तिथं पत्रा तापायचा, मी आणखीच खलास व्हायचे. एका रविवारी मी खाट बाहेर ओढायला लागले. जावेनं न विचारता दुसरं टोक धरलं. ओसरीत पंगत बसलेली. मानेवर ओला टॉवेल टाकून मी तिथंच आडवी झाले.

"आगं, लोकं काय म्हनतील? भर दुपारी सून पसरलीया!" सासूबाई म्हणाल्या.

"म्हनू द्या, आत्या. आत जीव जातोय. हितं वारं हाय."

जेवणाऱ्यांतला एक जण मित्राला म्हणाला, "मजा आहे बाईंची. आपण गड चढायचा, यांनी झोपायचं."

मी डोळे उघडले नाहीत. "झोपले न्हाई, पडलेय. तुमची तिसरी भाकरी तव्यावर हाय. शेजारच्या दादांनी ठेचा नको म्हनलेलं, तरी वाढलाय, तो काढा. आनि गड म्या बी चढलेय, डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन."

"माफ करा, ताई," तो पुटपुटला.

"माफी ऱ्हाऊ द्या. तो तांब्या द्या हिकडं."

त्यानं उठून पाणी दिलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी उजवा पाय लुळा पडला. दवाखान्यातून काठी टेकत आले, तर खाट परत आतल्या खोलीत.

"भाईर काढा," मी उंबऱ्यातनंच म्हणाले.

"आजून बरी न्हाईस तू."

"बरी व्हायची वाट बघत बसले, तर जलम आतच जाईल."

सासूबाई बडबडतच उठल्या. जावेला हाक मारली, दोघींनी खाट बाहेर आणली आणि ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात सासूबाईंनीच ती लावली.

मला बघून काही गिऱ्हाइकं अजूनही पुढच्या घरी जातात. जाईनात का. कुणी टक लावून बघितलंच, तर पडल्या पडल्या मीही त्याच्याकडं तशीच बघते.