पिकलेली नांदेडला, हिरवी कोचीला

आमच्या ताईचा परतवाड्याजवळ संत्र्याचा बगीचा आहे. इतकी वर्षं ती फळं झाडावर असतानाच अख्खा बगीचा व्यापाऱ्याला देऊन टाकायची. व्यापारी यायचा, बांधावरून नजर फिरवायचा, भाव सांगायचा आणि आपली माणसं लावून तोडून न्यायचा. संत्री जातात कुठे, असं विचारलं की "दूर" एवढंच म्हणायचा. गेल्या वर्षी ताईने ठरवलं, दूर म्हणजे कुठे ते आपणच पाहू. ओळखीतून कोचीच्या एका फळव्यापाऱ्याचा नंबर मिळाला. तो म्हणाला, एक गाडी पाठवा. माल धड पोचला तर पुढचा सगळा बहार मी घेतो. नाही पोचला, तर ताईला पुन्हा बांधावरच्या नजरेची वाट पाहत बसायचं होतं.

या कामात मी वाहतूकप्रमुख झालो. माझी पात्रता अशी, की मी अकोल्यात राहतो आणि अकोल्याहून चारी दिशांना रस्ते जातात. शिवाय माझ्या मोबाइलमध्ये नकाशा आहे. रोज जेवण झालं की मी बायकोला अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड, हैदराबाद, बंगळूर, पालघाट, कोची असा रस्ता बोटाने दाखवायचो. ती म्हणायची, "तुमी सोता वाशीमच्या पलीकडं गेले काय कधी?" गेलो होतो. हिंगोलीला एका लग्नाला. पण जाता-येता झोपेत होतो.

गाडी भरायच्या दिवशी मी सकाळीच बगीच्यात पोचलो. ड्रायव्हरभाई परतवाड्याचेच, संत्री घेऊन केरळात जाणं आणि नारळ घेऊन परत येणं हे त्यांचं नेहमीचं. त्यांनी कॅरेटमधलं एक संत्रं उचललं, अंगठ्याने हळूच दाबलं आणि म्हणाले, "ताई, हा माल इवायाच्या घरी जाऊन राह्यला का?"

इवाई म्हणजे व्याही. आमच्याकडे व्याह्याला फळं पाठवायची तर झाडावरची सगळ्यात पिकलेली, अंगभर रंग धरलेली निवडतात. एक जरी आंबट निघालं तर लेकीला वर्षभर ऐकावं लागतं. ताईने कोचीवाल्यासाठीही तशीच निवड केली होती. मी शेजारी उभा राहून "वा, काय रंग आहे!" म्हणत फोटो काढत होतो.

"इतकं पिकेल संत्रं कोचीले नाही पोचत, बहेन," ड्रायव्हरभाई म्हणाले. "तिकडं त्याचं लोनचं उतरीन."

ताई रिकाम्या कॅरेटवर बसली. अर्ध्या गाडीची तोडणी झाली होती.

"अमरावतीच्या मंडीत टाकून द्या," ड्रायव्हरभाई म्हणाले. "माझा फेरा गेला तरी मी बुरा नाही मानत."

"मंग कोचीवाल्याले काय सांगू? आमाले तोडता येत नाही म्हनून?" ताई माझ्याकडे वळली. "वाच रे रस्त्यातली गावं."

मी वाचू लागलो. नांदेड म्हटलं तसा तिने हात वर केला. नांदेडला तिची लेक दिली आहे आणि व्याह्यांचं तिथल्या फळबाजारात उठणंबसणं आहे. पण मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना काम सांगायचं नसतं. ताईने पदर सारखा केला आणि फोन लावला.

"नमस्कार जी. तुमच्यासाठी संत्री धाडून राह्यली."

"अहो, कशाला एवढा त्रास!"

"तरास कायचा जी. जराशीक जास्त हायेत."

"किती?"

"अर्धी गाडी."

पलीकडून आधी लेकीच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी तेवढी आम्हाला ऐकू आली. मग व्याही खळखळून हसले. "येऊ द्या. मी स्वतः बाजारात उभा राहतो."

आता कोचीला कळवणं आलं. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझी हिंदी शुद्ध आहे. मी "अपरिहार्य कारणवश" अशी सुरुवात केली. कोचीवाला म्हणाला, "क्या बोलता?" ताईने फोन हिसकावला. "आधा गाडी आयेगा. हरा आयेगा. कडक आयेगा."

"कडक अच्छा," तो म्हणाला. "भेजो."

माझ्या शुद्ध हिंदीवाचून दोघांचं काम झालं. मी फोन परत घेऊन खिशात ठेवला.

दुपारभर हिरवट, घट्ट फळं तोडली. ती गाडीत आधी, आतल्या बाजूला. पिकलेली मागे, दाराशी, म्हणजे नांदेडला पटकन उतरतील. मी गाडीत बसून निघालो आणि वाहतूकप्रमुखाला शोभेल अशा ऐटीत अकोल्याला, घराजवळच्या चौकात उतरलो. ड्रायव्हरभाईंनी पुढे पातूरच्या घाटातून फोन केला, "भाऊ, तुमचा डबा गाडीतच राह्यला." तो डबा नांदेडला व्याह्यांकडे पोचला, आणि पिकलेली संत्री त्यांनी बाजारात हातोहात विकून दिली.

पुढे नुसती वाट पाहणं. ताई फोन उशाशी घेऊन झोपायची. मीही परतवाड्याला जाऊन बसलो. आधार द्यायला गेलो होतो, पण चहा मलाच जास्त लागत होता.

शेवटी कोचीवाल्याचा व्हिडिओ कॉल आला. तो एकेक कॅरेट पालथं करून पाहत होता. तळाची काही नासलेली फळं त्याने बाजूला टाकली, तसा ताईने माझा दंड घट्ट धरला. मग त्याने एक संत्रं सोललं, उभ्या उभ्या अख्खं खाल्लं आणि हात पुसत विचारलं, "दूसरा गाडी कब?"

"परसों!" ताई एवढ्या मोठ्याने म्हणाली, की फोन नसता तरी कोचीला ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीवाल्या बायका आल्या. ताई बगीच्याच्या तोंडाशी उभी होती आणि एकेकीच्या हातात घट्ट हिरवट फळ देऊन सांगत होती, "हे अस्सं पाह्यजे. पिवळ्याले हात लावू नका, त्याचं गाव येगळं हाय."