आत्मारामचं गव्हाचं

दांडीच्या आत्मारामला बोट लागायची. दुसऱ्या कुणाला लागली असती तर ती तब्येतीची गोष्ट झाली असती. मच्छीमाराच्या थोरल्या मुलाला लागली म्हणून ती घराण्याची झाली. त्याचे वडील रामा यांनी त्याला चार-पाच मोसम समुद्रावर नेलं. लिंबू चोखायला दिलं, देवीला नारळ दिला, शेवटी डोलकाठीला बांधूनही पाहिलं. आत्माराम बांधलेल्या अवस्थेत ओकत राहिला. मग बोट धाकट्या एकनाथकडे गेली आणि आत्माराम बोईसरला, आमच्या सुताच्या कारखान्याच्या गेस्ट हाउसवर स्वयंपाकी म्हणून लागला. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. मासे तो उत्तम करायचा. जमिनीवर आल्यावर माशांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास सूत रंगवायचं नवं यंत्र आलं आणि ते बसवायला योहान नावाचा जर्मन आला. यंत्र लवकर बसलं, पण त्याचा एक महत्त्वाचा भाग मुंबईच्या गोदीत अडकला. तो सुटेपर्यंत योहान गेस्ट हाउसवर बसून राहिला. पहिल्या आठवड्यात त्याने आपल्याकडची बाटलीतली बियर पिऊन पाहिली आणि नम्रपणे बाजूला ठेवली. दुसऱ्या आठवड्यात त्याने आत्मारामला विचारलं, गहू मिळेल का?

गहू भरपूर होता. दांडीत लोक भात आणि तांदळाची भाकरी खाणारे. रेशनवर मिळणारा गहू घरोघरी कोंबड्यांना जायचा. आत्मारामने पोतं आणून दिलं. योहानने गहू भिजवला, मोड आणले आणि वाळवायला सांगितले. आत्मारामने ते घरी नेऊन अंगणातल्या मांडवावर पसरले, जिथे त्याची बायको नलू बोंबील सुकवायची. त्या गव्हाची पहिली बियर बोंबलाच्या वासाची झाली; योहानने एक घोट घेऊन ती बागेत ओतली. त्यानंतर गहू गेस्ट हाउसच्या गच्चीवर वाळू लागला.

पुढचं काम सोपं होतं, फक्त वेळ खाणारं. मोड आलेला गहू भरडायचा, गरम पाण्यात मुरवायचा, गाळायचा, कडू झाडपाला टाकून उकळायचा, थंड करायचा. मग योहानने मायदेशाहून बाटलीत घालून आणलेलं विरजण लावायचं. पाणी कमी, गहू जास्त. त्याच्या गावाकडे हिवाळ्यात असंच जड करतात म्हणे. बाटल्या भरून महिना-दीड महिना ठेवल्यावर त्याने या खेपेची पहिली फोडली. गढूळ, तांबूस, वर साबणासारखा फेस. आत्मारामने ग्लास उचलला आणि तोंडाला लावला. ताडी तो तशीच प्यायचा. आवडायची नाही, म्हणून लवकर संपवायचा.

"धीरे, आत्माराम, धीरे," योहान म्हणाला. त्याला हिंदी एवढंच येत होतं; बाकी सगळं खुणांनी चालायचं.

त्याने दाखवून दिलं. आधी बघायचं. मग नाक खुपसायचं. मग छोटा घोट, तोंडात फिरवायचा, गिळायचा आणि थांबायचं. थांबून जे वाटलं ते बोलायचं. आत्माराम थांबला. बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "केळा."

योहानने टेबलावर हात आपटला. त्यानंतरचे दोन महिने ते दोघे रोज संध्याकाळी समोरासमोर बसून एकेक शब्द बोलायचे. केळा. लवंग. गूळ, पण भाजलेला. ओलं पोतं, हे वाईट. यंत्राचा भाग सुटून आला, योहान यंत्र चालू करून गेला. जाताना विरजणाची बाटली आत्मारामच्या हातात देऊन एवढंच सांगून गेला की तिला अधूनमधून खायला घालत जा.

आत्मारामने ती गेस्ट हाउसच्या फ्रीजमध्ये मच्छीच्या मागे ठेवली आणि तिला गव्हाचं गोड पाणी खायला घालत राहिला. योहानने ठेवलेला कडू झाडपाला संपला तेव्हा पालघरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलं. बियर करायचा परवाना नव्हता. पण तो मागायला कुठे जायचं हेही कुणाला माहीत नव्हतं. वर्षातून दोनदा तो घरी न्हाणीमागे बाटल्या भरायचा आणि एकटाच प्यायचा, कारण सोबत प्यायला कुणी नव्हतं. मी एकदा चाखली. मला बरी लागली. "बरी म्हंजे काय?" त्याने विचारलं. मला सांगता येईना. त्याने मला परत विचारलं नाही. एकनाथने एका दमात ग्लास रिकामा केला आणि म्हणाला, "सरबत हाय." नलू तर वासही घ्यायची नाही. तिच्या दृष्टीने नवरा कोंबड्यांचं अन्न कुजवून पीत होता, आणि काटेकोरपणे पाहिलं तर ते खरंच होतं.

पंच्याऐंशी साली त्याच्या मुलीचं, उषाचं लग्न ठरलं. मुलगा दातिवऱ्याचा पुंडलिक. वडील नव्हते, आई बायडी मच्छी विकून घर चालवायची. वाट लांबची म्हणून वऱ्हाड ट्रकने आदल्या दिवशीच, हळदीला आलं. हळदीला पाहुण्यांना प्यायला द्यायची रीत. आत्मारामने ठरवलं, ताडी द्यायची नाही. आपलं गव्हाचं द्यायचं, आणि तेही खास जड केलेलं.

"ताडी दे नि गप बस," नलू म्हणाली. "लग्न लेकीचं हाय."

"लेकीचं हाय म्हणून तर," आत्माराम म्हणाला.

संध्याकाळी मांडवात ग्लास फिरले. आत्माराम प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होता, "आधी वास घ्या. मग थोडं थोडं." कुणी ऐकेना. एकनाथ म्हणाला, "वास मी पापलेटचा घेतो, तोपन विकत घेताना." मऊ लागत होतं, गोडसर होतं, आणि उकाडा होता. लोकांनी ताडीसारखं रिचवलं. तासाभरात नाचणारे बसले, बसलेले आडवे झाले. वाजंत्री वाजवता वाजवता थांबले. नवरीचा मामा हंड्याला टेकून झोपला.

आत्माराम रिकामे ग्लास गोळा करत मांडवाच्या कडेला आला. तिथे विहीणबाई, बायडी, एकटी बसली होती. तिच्या ग्लासातलं जेमतेम बोटभर कमी झालं होतं. तिने ग्लास नाकाशी धरला होता. मच्छीच्या धंद्यात तिला सगळ्याच गोष्टींचा आधी वास घ्यायची सवय लागली होती. नव्या लुगड्याचाही घ्यायची.

"व्याही, यात केळं घातलंय?" तिने विचारलं.

आत्माराम जागच्या जागी उभा राहिला. "नाय," तो म्हणाला. "एकपन नाय."

"लवंग?"

"नाय."

"मंग येतंय कुठून?"

"तेच तर," आत्माराम म्हणाला आणि ग्लास खाली ठेवून समोर बसला. सात वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने विरजणाबद्दल सांगितलं, योहानबद्दल सांगितलं. बायडीने आणखी एक घोट घेतला, तोंडात फिरवला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग थोडं थांबून म्हणाली, "पन शेवटाला कडू राहतंय ते बरं नाय. तापाच्या काढ्यासारखं."

आत्मारामला वाईट वाटलं. मग त्याने स्वतः घोट घेतला आणि त्याला आणखी वाईट वाटलं, कारण काडेचिराईत खरंच जास्त उकळलं गेलं होतं.

सकाळी मुहूर्ताला नवरी तयार होती, नवरा तयार होता, भटजी आले होते. मामा उठेना. वाजंत्र्यांपैकी एक उठला, पण त्याच्याकडे ढोल होता आणि सनईवाला झोपलेला होता. मुहूर्त टळला. भटजींना बोईसरला दुसरं लग्न होतं, ते निघून गेले. वऱ्हाडातले जे थोडे शुद्धीवर होते त्यांनी आरडाओरडा सुरू केला. नवऱ्याचा काका म्हणाला, "आमची माणसं विष घालून पाडली. ट्रक फिरवा, लग्न नाय लावायचं." उषा आतल्या खोलीत रडू लागली. आत्माराम हात जोडून उभा होता. नलू त्याच्याकडे बघत होती.

बायडी पुढे आली. "माणसं झोपलीत," ती दिराला म्हणाली. "मेली नाय. उठतील तवा लग्न लावू. तुमाला ट्रक फिरवायचाय तर फिरवा, पन त्याचा डायवरपन झोपलाय."

काकाने जाऊन पाहिलं. ते खरं होतं. संध्याकाळी भटजी दुसरं लग्न उरकून परत आले आणि लग्न लागलं. मामा सर्वांत ताजातवाना दिसत होता.

त्यानंतर दांडीत त्या पेयाला कुणी हात लावला नाही. दातिवऱ्यात मात्र आत्माराम लेकीला भेटायला एसटीने जायचा तेव्हा पिशवीत साड्यांच्या मधे दोन बाटल्या असायच्या. तो आणि बायडी ओट्यावर बसायचे. काडेचिराईत कमी झालं, बायडीच्या सांगण्यावरून लिंबाची साल आली, पुढच्या वेळी गेली. भांडणंही व्हायची. एकदा लवंग आहे की दालचिनी यावरून दोघे सहा महिने बोलले नाहीत आणि उषाला मधल्या मधे निरोप पोचवावे लागले. नव्वदनंतर पुंडलिकने पालघरहून नव्या कंपनीची महागडी बियर आणली. बायडीने वास घेतला, घोट घेतला, थांबली. "यात काय नाय," ती म्हणाली. आत्माराम बराच वेळ विचार करून म्हणाला, "थंड हाय." कुणावर अन्याय करायचा नाही, असा त्याचा स्वभाव.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात कारखाना बंद पडला. आम्ही सगळे घरी बसलो. गेस्ट हाउसची वीज तोडली. आत्माराम विरजणाची बाटली आणायला गेला तेव्हा फाटकाला कुलूप होतं. उघडलं तोवर बाटली मेली होती. त्याने ती फुगण्याची वाट पाहिली, खायला घातलं, उन्हात ठेवली, सावलीत ठेवली. काही झालं नाही. नलूने त्याला तिच्या परीने धीर दिला: त्या आठवड्यात तिने कोंबड्यांना गहू घातला नाही.

शेवटी त्याने उमरोळीच्या एका ताडीवाल्याकडून ताजी ताडी आणली आणि तिचंच विरजण लावलं. झालं ते योहानचं नव्हतं. आंबट होतं, पातळ होतं, केळं कुठेच नव्हतं. तरी त्याने दोन बाटल्या भरल्या आणि दातिवऱ्याला गेला.

"गेलं ते," तो बायडीला म्हणाला. "हे दुसरंच हाय. नाय आवडलं तर फेकून द्या."

बायडीने ग्लास नाकाशी धरला. डोळे मिटले. उषा दारात येऊन उभी राहिली. बायडीने घोट घेतला, गिळला, आणि इतका वेळ थांबली की उषा स्वयंपाकघरात जाऊन परत आली.

"फणस," बायडी म्हणाली. "कच्चा."

आत्मारामने घोट घेतला. "कच्चा नाय," तो म्हणाला. "फणसातली आठिळी. उकडलेली."

"आठिळी कशी? नीट घ्या बघू."

आणि दोघे त्यावरून वाद घालू लागले.