खालच्या गल्लीचा नळ

आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीचे अध्यक्ष माझे सासरे होते. त्यांना निवडून वगैरे कुणी दिलं नव्हतं. पावसाळ्याआधी नाली उपसायला पहिलं फावडं तेच घेत, कुणाकडे मयत झाली की बांबू-लाकडं आणायला तेच निघत, म्हणून लोक त्यांना अध्यक्ष म्हणत. गावाबाहेर आमचा भाजीचा मळा होता. सकाळी मळा, दुपारी बाजार आणि उरलेला दिवस मोहल्ल्याचा. मी त्यांना मामाजी म्हणत असे. आमच्याकडे सुना सासऱ्याला तसंच म्हणतात.

मोहल्ल्यात दोन गल्ल्या होत्या. वरची आमची, मारुतीच्या देवळाची, माळ्यांची आणि लहान दुकानदारांची. खालची उतारावर, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांची. कमिटी मात्र दोघींची मिळून एकच, आणि ती एकच राहावी असा मामाजींचा हट्ट होता. बैठक एकदा वर होई, एकदा खाली. खाली असली की वरच्यांपैकी काही जण पोट दुखतं म्हणून येत नसत. दुसऱ्या दिवशी मामाजी त्यांच्या दारात उभे राहून मोठ्या आवाजात पोटाची चौकशी करत.

निजामाच्या काळात बल्दियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, दफ्तरात मामाजींचं उर्दू चाले. "जनाब, अर्ज है" म्हणून ते सुरू झाले की कारकून हातातला टाक ठेवून ऐकत. निजाम गेला तरी दफ्तर उर्दूतच होतं. मग भाषावार प्रांत झाले. हैदराबाद राज्याचे तुकडे पडले, शेजारचं किनवट मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही आंध्रात आलो. दफ्तरात समुद्राकडचा एक साहेब बदलून आला. त्याला तेलुगू येई आणि इंग्रजी.

गावात तेव्हा पाण्याची नवी टाकी झाली होती आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात सरकारी नळ द्यायचं ठरत होतं. मामाजी अर्जी घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. जेवून हात धुतल्यावर मला म्हणाले, "सूनबाई, तुले त्याईची बोली येते ना?"

येत होती. माझं माहेर मराठीच, पण वडिलांचं दुकान निर्मळच्या बाजूला. लहानपणचं माझं सगळं खेळणं-भांडणं तेलुगूतच झालं होतं. सासरी आल्यावर तिचा उपयोग कधी पडला नव्हता. घरातल्या सुनेनं दफ्तरात जायचं म्हटल्यावर माझे यजमान कुरकुरले. मामाजी त्यांना म्हणाले, "मंग तू चाल. येते का तुले?" तिथेच ते थांबलं.

कमिटीनं ठरवलं होतं की दोन नळ मागायचे. एकच मिळत असेल तर तो खालच्या गल्लीला. त्यांची विहीर खारी झाली होती आणि बायका नाल्यात झरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत. वरच्या गल्लीला हे मनापासून पटलेलं नव्हतं, पण मामाजींपुढे कुणी बोललं नाही. मीही त्या बैठकीत बायकांच्या बाजूला बसले होते. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

साहेबानं डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईच्या तोंडून तेलुगू ऐकलं आणि त्याचा चेहरा खुलला. परक्या मुलुखात त्याला कुणी आपलं भेटल्यासारखं झालं असावं. गाव कुठलं, वडील काय करतात, सगळं विचारलं. प्रत्येक वाक्याला 'अम्मा'. मला खुर्ची दिली. मामाजी उभेच होते. तेही माझ्या उशिरा ध्यानात आलं.

मग मामाजी बोलू लागले. टेबलावर हात आपटून बोलायची त्यांची सवय. "सांग त्याले, आमी अर्ज्या देऊन देऊन थकलो. मांगच्या सायबानं पाह्यतो म्हनलं अन् पाह्यलंच नाई. आता तू तरी मानसासारखा वाग म्हना!" यातलं निम्मं मी गाळलं आणि बाकीचं गोड करून सांगितलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

साहेब म्हणाला, "दोन नाही जमणार. एक नळ या महिन्यात देतो. कुठे हवा, अम्मा?"

त्यानं मला विचारलं होतं. मी मामाजींकडे वळून विचारायला हवं होतं. मी वळले नाही. म्हणाले, "मारुतीच्या देवळापाशी."

मी तेव्हा पोटुशी होते, आमच्या विहिरीचा रहाट ओढून खांदे भरून येत, असं कारण पुढे मी स्वतःला पुष्कळ वेळा दिलं. ते खोटं नाही. पण त्या क्षणी खांद्यांचं काही मनात नव्हतं. साहेबानं विचारावं आणि मी सांगावं, एवढंच मला आवडलं होतं.

"काय म्हनून राह्यला तो?" मामाजींनी विचारलं.

"एक नळ देतो म्हणतात. जागा तेच पाहून ठरवतील."

नळ आला. वरच्या गल्लीनं त्याला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. सूनबाईनं काम केलं, असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. मामाजी मात्र त्याच संध्याकाळी खालच्या गल्लीत गेले आणि दारोदार हात जोडून आले. "माह्या बोलन्यात काई कमी पडलं," असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खालच्या बायका आता चढ चढून आमच्या नळावर येत. आधी वरच्यांचं भरून होऊ द्यायचं, असा नियम आमच्या बायकांनी आपोआप करून टाकला. जिनिंगमध्ये सरकी निवडणारी एक बाई रोज येई. माझ्या सासूच्या वयाची, उंच, कमी बोलणारी. सगळे तिला मावशी म्हणत. एकदा घागर डोक्यावर घेता घेता मला म्हणाली, "तुमच्यानं इतकं तरी झालं, बाई. झऱ्याचा गाळ तरी सुटला."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मळ्यात मामाजी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मी तिथे जाऊन सगळं सांगितलं.

ते जुडी बांधत राहिले. ती टोपलीत ठेवून म्हणाले, "मले वाटे, बोली येत नाई म्हनून माह्यं काम अडलं. तुले तर येत होती, सूनबाई."

मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी पुढच्या बैठकीत फक्त एवढं सांगितलं की जागेची चूक आपल्याकडून झाली, आता अध्यक्ष दुसरा पाहा. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी बायकांच्या बाजूला बसले होते. उठून बोलले नाही. त्यांनी माझी अब्रू झाकली आणि मी ती झाकू दिली. पहिल्या खोट्यापेक्षा हे मला जास्त लागून राहिलं आहे.

खालच्या गल्लीनं मग स्वतः दफ्तरात जायचं ठरवलं. बोलायला मावशी पुढे झाली. मामाजी मला म्हणाले, "तू जा तिच्यासंगं."

वाटेत, जिनिंगच्या भिंतीपाशी, मी मावशीला खरं काय ते सांगितलं. ती चालत राहिली. मीच मागे पडले आणि पळत तिला गाठलं. तेव्हा ती म्हणाली, "आता मी जे बोलीन तेच सांगा. जास्त नाई, कमी नाई."

साहेबानं मला पाहून पुन्हा खुर्ची दाखवली. मी बसले नाही. मावशीनं खाऱ्या विहिरीचं सांगितलं, चढाचं सांगितलं, नळावरच्या पाळीचं सांगितलं. मी शब्दाला शब्द सांगत गेले. मग ती म्हणाली, "सांगा त्याले, मांगच्या खेपेला या बाईनं खोटं सांगितलं. नळ आमच्यासाठी मागायचा ठरला होता, हिनं आपल्या दारात मागून घेतला."

मी पदर सारखा केला.

"सांगा ना," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही.

मी सांगितलं. 'मी' म्हणूनच सांगितलं, 'ही बाई' असं नाही. साहेबानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. या वेळी अम्मा म्हणाला नाही. "मी तुमच्या शब्दावर जागा लिहिली," म्हणाला, "पाहायला गेलोच नाही."

"काय म्हनते?" मावशीनं विचारलं. तेही मी मराठीत सांगितलं.

पाइप शिल्लक नव्हते. पुढचा उन्हाळा खालच्या बायकांनी चढावरच काढला. माझ्या मुलीच्या अंघोळीचं पाणी आणायला मी नळावर गेले की मावशी बाजूला होऊन मला आधी भरू देई, आणि ते मला शिवी दिल्यासारखं वाटे. मी नको म्हटलं तर ती म्हणे, "नियम हाय ना तुमचा." मी तो नियम मोडायला सांगितला तर माझ्या गल्लीतल्या बायका आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र माझी पाळी मावशीच्या मागे लावून घेतली. त्यानं काही फार झालं नाही.

दुसरा नळ आला तेव्हा खालच्या गल्लीनं आपली कमिटी वेगळी केली होती. भांडण झालं नाही. त्यांनी वर बैठकीला येणं थांबवलं, एवढंच. मामाजींनी इतकी वर्षं धरून ठेवलेलं ते एकपण असं संपलं. वरच्या गल्लीच्या कमिटीत दफ्तरात बोलायला कुणी हवं म्हणून पुढे मलाच घेतलं, आणि नंतर अध्यक्षही केलं. मी नाही म्हटलं नाही. मामाजी पुन्हा कधी माझ्यासोबत दफ्तरात आले नाहीत. बाजारातल्या भाजीवाल्यांकडून ते तेलुगू शिकू लागले होते. त्यांचं तेलुगू म्हणजे वांगी, मिरच्या आणि भाव. पण ते जोरात बोलत.

खालचा नळ सुरू करायला त्या लोकांनी मामाजींना बोलावलं. मला बोलावलं नव्हतं. मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. उतारावरून हलगीचा आवाज येत होता. दिवेलागणीला मामाजी आले. बंडी भिजलेली, कपाळाला गुलाल. खिशातून प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा काढून त्यांनी माझ्या सुपाच्या कडेला ठेवला.

"त्यांनी दिलं?" मी विचारलं.

"नाई," मामाजी म्हणाले. "माह्या वाटनीचं हाय."